तारा जुन्या होईपर्यंत

मी, खाली सही करणार, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बेस गिटारची विक्री व दुरुस्ती, राहणार दुकानाच्या मागच्या गल्लीत, बाजारात 'खर्जवाली' म्हणून ओळखली जाणारी, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवते. रागात असलेला माणूस शुद्धीवर नसतो असे कोणाला कोर्टात म्हणायचे असेल, तर त्याने माझ्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी माझी परीक्षा घेतली आहे. आज वार कोणता, असे त्यांनी विचारले. मी वार सांगितला, आणि मागच्या खेपेला त्यांनी मला कोणत्या वारी बाहेर ताटकळत ठेवले होते तेही सांगितले. त्यांनी मुकाट्याने दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागांत माझे म्हणणे मावेना, म्हणून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. कच्चा मसुदा वाचून त्यांनी काही वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली, "ही काढा" म्हणून. ती सगळी वाक्ये या पक्क्या प्रतीत जशीच्या तशी आली आहेत.

कलम पहिले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या वर्षी माझ्या मुलाने एक टाइप करून आणले होते, फक्त माझी सही बाकी होती. माझ्या पश्चात दुकान चौकातल्या मोठ्या दुकानाला विकावे, असे त्यात माझ्याच तोंडी घातले होते. ते मी त्याच्यासमोर फाडले. त्याची झेरॉक्स कुठे निघाली तर ती रद्दी समजावी.

कलम दुसरे. माझा तीन खोल्यांचा फ्लॅट, आतील सामानासह, मुलगा आणि मुलगी यांना समान वाट्याने मिळावा. मुलगा विमा कंपनीत आहे आणि मुलगी शाळेत मुख्याध्यापिका आहे, म्हणजे दोघांचेही बरे चालले आहे. बँकेत जे काही उरेल तेही दोघांचे. कपाट कोणी न्यायचे यावरून भांडू नये; ते कपाट दारातून बाहेर निघत नाही, हे आम्ही ते आत आणले त्याच दिवशी कळले होते. माझी मुले वाईट नाहीत. त्यांना बेस ऐकू येत नाही, एवढेच. लहानपणी दोघांनाही मी मांडीवर बसवून तार छेडायला लावली. मुलगा म्हणाला, "आई, गुदगुल्या होतात." मुलगी म्हणाली, "आई, गृहपाठ राहिलाय." त्यानंतर मी आग्रह धरला नाही आणि आजही धरत नाही. मात्र ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी दुकानाचे काय करावे ते मला सांगू नये.

कलम तिसरे. आता दुकान. ते कोणाला द्यायचे हे कळण्यासाठी ते कसले आहे हे आधी कळले पाहिजे, म्हणून हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी इथे सबंध पानालाच रेघ मारली होती.

बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्यात ती ऐकूच येत नाही, असे लोक म्हणतात. ती वाजायची थांबली की मात्र गाणे पोकळ झाल्याचे सगळ्यांना कळते. मी पाणीपुरवठा कार्यालयात टायपिस्ट होते. कार्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला एक बँड आला होता आणि खुर्च्या संपल्यामुळे मी लाकडी जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. गाणे कोणते होते ते आठवत नाही. जमिनीतून काहीतरी वर चढत माझ्या पाठीच्या कण्यात शिरले, ते आठवते. ते कशाचे म्हणून मी शेजारणीला विचारले. ती म्हणाली, "कशाचं काय?"

पुढच्या पगाराला मी चौकातल्या मोठ्या दुकानात गेले. त्या दुकानाचे नाव सगळ्यांना माहीत असते. माणूस पहिल्यांदा तिथेच जातो. दोन मजले, काचेची दारे, आत गारवा. गल्ल्यावर मालक आणि काउंटरवर मालकाचा तरुण मुलगा, म्हणजे आजचा मालक.

"बोला ताई, काय दाखवू?"

"बेस."

"भावासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्याने बापाकडे पाहिले. बापाने छताकडे पाहिले. मग मुलाने माझ्यासमोर एक युकुलेले ठेवले, म्हणजे गिटारचे बाळ. "हे बघा. हलकं आहे, बोटं दुखायची नाहीत."

मी जागची हलले नाही, तेव्हा त्याने शिडी आणली. बेस होते ड्रमच्या मागे, छताला लागून टांगलेले. एक काढला, धूळ माझ्या अंगावर झटकली आणि गिटारच्या छोट्या स्पीकरला जोडून दिला. एका बाजूला कीबोर्ड आपोआप तीच ती धून वाजवत होता, दुसऱ्या बाजूला एक गिऱ्हाईक गिटार आपटत होते. बसायला काही नव्हते. मी उभ्याने, पट्ट्याशिवाय, गुडघ्यावर तोलत ती गिटार धरली आणि तार ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

"आवाज येत नाहीये," मी म्हणाले.

"बेस आहे ना ताई," तो म्हणाला, "त्याला तेवढा आवाज नसतोच."

हे वाक्य मी आयुष्यभर सांभाळले आहे. राग टिकवायला माणसाला एखादे भांडवल लागते, माझे हे आहे.

बाहेर पडले ती तणतणतच, आणि रस्ता चुकून चौकामागच्या या गल्लीत आले. शिंप्याच्या शेजारी एक बंद दार होते. बाहेर बाक. दारावर पाटी: 'आत ऐकणे चालू आहे. थांबावे.' मला वाटले कानाचा दवाखाना असेल. पाय दुखत होते म्हणून बसले. थोड्या वेळाने एक माणूस डोळे पुसत बाहेर आला, तेव्हा दवाखान्याची खात्रीच पटली. मागोमाग दुकानाचे म्हातारे मालक दारात आले. त्यांना सगळे काका म्हणत. म्हणाले, "या. आता तुमची पाळी."

आत फक्त बेस. दुसरे काहीही नाही. सगळे जमिनीवर, हाताच्या अंतरावर उभे. भिंतींना जुनी ब्लँकेटे ठोकलेली. एक स्टूल, एक मोठा स्पीकर, आणि एका वेळी एकच गिऱ्हाईक. काकांनी कोणासाठी हवा ते विचारले नाही. विचारले, "बसून वाजवता की उभ्याने?"

"मला वाजवताच येत नाही."

"मग बसून."

त्यांनी स्वतःचा तपकिरी बेस माझ्या मांडीवर ठेवला आणि दार लावून घेतले. "सगळ्यांत जाड तार छेडा. ती आपणहून थांबेपर्यंत दुसरं काही करायचं नाही."

मी छेडली. स्टूल थरथरले, दाराची कडी वाजली, आणि कार्यक्रमात जमिनीतून आलेले ते जे काही होते ते माझ्या बरगड्यांत येऊन बसले. तार बराच वेळ चालली. मग थांबली.

"आता?" मी विचारले.

"पुन्हा," काका म्हणाले.

त्या दिवशी मी काही विकत घेतले नाही, कारण पहिल्या भेटीत विकायचे नाही असा त्या दुकानाचा नियमच होता. माणसाने घरी जावे, कान घेऊन झोपावे आणि परत यावे. माझ्यासारखी बरीच परत येत. मी तर इतकी परत आले की काकांनी मला मदतीला ठेवून घेतले, आणि त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा हे दुकान माझ्या टायपिंगच्या कमाईतून मी रीतसर विकत घेतले. त्यात बापाचा पैसा नाही, नवऱ्याचा नाही, कोणाचे देणे नाही. सबब दुकान माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे आणि ते मी हवे त्याला देऊ शकते. काकांचा तपकिरी बेस त्यांनी मला दिला. विकला नाही, दिला.

कलम चौथे. चौकातल्या मोठ्या दुकानाचे मालक यांना मी एक युकुलेले ठेवत आहे. ते मी मुद्दाम त्यांच्याच दुकानातून विकत आणले आहे, पावतीसह. हलके आहे, बोटे दुखायची नाहीत.

त्यांना माझ्या मिळकतीतून याखेरीज काहीही मिळू नये. माझे दुकान त्यांना, त्यांच्या भागीदारांना, त्यांच्या मेव्हण्यांना किंवा त्यांनी पुढे केलेल्या कोणत्याही प्याद्याला विकू नये, भाड्याने देऊ नये, गोदाम म्हणून वापरायला देऊ नये. मागच्या वर्षी त्यांची दोन माणसे गिऱ्हाईक म्हणून आली. एक जण बेस मांडीवर घेऊन बसला आणि दुसरा भिंतीला टेप लावू लागला. मी विचारले, "काय मापताय?" तो म्हणाला, "बेस केवढा आहे ते बघतोय." बेस त्याच्या मित्राच्या मांडीवर होता. दोघांना मी शिंप्याच्या मोठ्या कात्रीची ओळख करून दिली.

त्यानंतर मालक स्वतः आले, पेढीवर बसल्यासारखे माझ्या स्टुलावर बसले, आणि म्हणाले की ते वरच्या मजल्यावर बेसचा खास कोपरा काढणार आहेत, त्याला माझे नाव देतील, माझा फोटो लावतील. माझ्या मुलाला ही कल्पना फार आवडली. मी मालकांना विचारले की त्या कोपऱ्याला दार असेल का. त्यांना प्रश्न कळला नाही. दार लावल्याशिवाय बेस ऐकू येत नाही, हे ज्यांना इतक्या वर्षांत कळले नाही त्यांनी माझा फोटो कशाला लावावा? मी मेल्यावर कोणी लावलाच, तर वकीलबाईंनी तो काढून आणावा. त्यांची फी त्यासाठी बाजूला ठेवली आहे.

कलम पाचवे. माझ्या नवऱ्याची खुर्ची. तो छापखान्यात मशीनवर होता आणि मशीनने त्याचे कान लवकर खाल्ले. घरी आम्ही एकमेकांवर ओरडून बोलत असू, त्यामुळे शेजाऱ्यांना आमच्यात फार भांडणे होतात असे वाटे. संध्याकाळी तो दुकानात येऊन स्पीकरला पाठ लावून बसे आणि डोळे मिटून म्हणे, "वाजव. मला ऐकू येतंय." त्याला माझे बोलणे ऐकू येत नव्हते, माझा बेस येत होता. ती खुर्ची स्पीकरला टेकलेली आहे, तशीच राहावी. ज्याला कमी ऐकू येते असे कोणी आले तर त्याला तिथे बसवावे. नवऱ्याची मला अजून रोज आठवण येते आणि वकीलबाईंनी या वाक्याखाली रेघ मारली नाही, म्हणून त्यांचे आभार.

कलम सहावे. बाहेरचा बाक. शेजारचा शिंपी म्हणतो बाक त्याला द्यावा. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देणे बरे दिसत नाही, असे वकीलबाई म्हणतात. शिंपी म्हणाला, "मग सही दुसऱ्याची घ्या, मला बाक द्या." दोन दिवस त्याने तोंड फुगवले. म्हणून इथे एवढेच नमूद करते की बाक दुकानाचा आहे, शिंपी त्यावर आजवर बसत आला आहे आणि पुढेही बसत राहील. हे दान नव्हे, वस्तुस्थिती आहे.

कलम सातवे. आता माझा भाचा. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ नोकरीसाठी सतत फिरतीवर, म्हणून हा शाळा सुटली की माझ्याकडे, आणि पुढे कॉलेज सुटले की माझ्याकडे. त्याचा कान माझ्याहून चांगला. दार लावून तो वाजवायला बसला की शिंपी मशीन थांबवत असे. दुकान पुढे त्याचेच, हे कोणी बोलले नव्हते, पण सगळ्यांनी धरले होते. मग एक दिवस तो येऊन म्हणाला, "आत्या, मला चौकातल्या दुकानात नोकरी लागली."

"कुठल्या चौकातल्या?" मी विचारले, जणू गावात दुसरा चौक होता.

"आत्या, तिथे पगार वेळेवर होतो. मला लग्न करायचंय."

मी म्हटले, जा. मनात नव्हते, तरी म्हटले. तो तिथे काउंटरवर लागला, चष्म्याला दोरी बांधून मिरवू लागला, सुट्टीच्या दिवशी मात्र इकडे येऊन वाजवत बसे. तोवर आमचे बोलणे होते.

बोलणे कशावरून तुटले ते लिहिते. वाचणाऱ्याला ते फालतू वाटेल. वाटू दे.

साध्या गिटारच्या तारा जुन्या झाल्या की बदलतात. आम्हा बेसवाल्यांत मात्र काही असे असतात, की गुळगुळीत वेढ्याच्या, म्हणजे वरून सपाट पत्ती गुंडाळलेल्या तारा एकदा चढवल्या की जन्मभर उतरवत नाहीत. नवी तार खणखणते. तिच्यात घाम मुरला, बोटांचे कातडे मुरले, वर्षे मुरली की ती खणखण जाते आणि एक गोल, मऊ, भरीव आवाज उरतो. तो बाजारात मिळत नाही, वाजवून मिळवावा लागतो. तपकिरी बेसवरच्या तारा काकांनी तरुणपणी चढवल्या होत्या. त्यांत अर्धा घाम त्यांचा होता आणि अर्धा माझा. नवरा पाठीने ऐकायचा तो आवाज त्याच तारांचा.

माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले तेव्हा मी दवाखान्यात होते. भाच्याला वाटले, आत्या घरी येईल तेव्हा तिला खूश करावे. तपकिरी बेस साफसफाईसाठी तो चौकातल्या दुकानाच्या दुरुस्ती विभागात घेऊन गेला. तिथली पद्धत अशी, की टेबलावर आलेले प्रत्येक वाद्य नव्या तारा घालूनच परत जाते. 'याच्या तारांना हात लावू नका' एवढे एक वाक्य त्याने सांगायला हवे होते. तो सांगायला विसरला. मी पोट धरत धरत दुकानात आले तेव्हा बेस आरशासारखा चकाकत होता.

"आत्या, वाजवून तर बघ!"

मी छेडली. चमच्याने पातेले वाजवावे तसा आवाज आला.

"जुन्या तारा कुठे आहेत?"

तेव्हा त्याच्या लक्षात आले. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. "आत्या, मी बघतो, मी आत्ता जाऊन..."

"कुठे आहेत?"

"कचऱ्याची गाडी सकाळीच गेली."

मी त्याला दार दाखवले. त्यानंतर तो किती तरी वेळा बाहेर बाकावर येऊन बसला. मी 'थांबावे'ची पाटी काढली नाही आणि दार उघडले नाही. शिंप्याने मध्यस्थी करून पाहिली, त्याच्याशीही मी काही दिवस अबोला धरला. घरचे म्हणाले, चार तारांसाठी रक्ताचे नाते तोडलेस. मी म्हणाले, नाते मी तोडलेले नाही, तारा त्याने काढल्या. तेव्हापासून तपकिरी बेस खोळीत आहे. मला तो वाजवणे जमलेले नाही.

कलम आठवे. या वर्षाच्या सुरुवातीला एक शिक्षिका दुकानात आली. तिला बेस शिकायचा होता. नेहमीप्रमाणे मी विचारले, इथला पत्ता कोणी दिला. गेली कित्येक वर्षे माझ्या नव्या गिऱ्हाइकांतली निम्मीशिम्मी "चौकात कोणीतरी सांगितलं" असे म्हणत येत, आणि मी समजत होते की ही माझी कीर्ती. शिक्षिका मात्र खरे बोलणारी निघाली.

"मागच्या महिन्यात चौकातल्या मोठ्या दुकानात गेले होते, तिथे एक माणूस होता," ती म्हणाली. "मी बेस मागितला तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, बाई, इथे तुम्हाला ऐकू यायचा नाही. मागच्या गल्लीत जा, बाकावर बसा, पाटी बघा. आणि मी पाठवलं असं सांगू नका, नाहीतर ती तुम्हाला हाकलून देईल."

"चष्म्याला दोरी होती?" मी विचारले.

"होती."

त्या बाईला मी हाकलले नाही. पण दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून, जन्मात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हटले होते त्या मोठ्या दुकानात गेले. मजले वाढले आहेत, वर जायला सरकता जिना आहे. बेस अजून छतालाच आहेत. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती.

"बोला आजी, काय दाखवू?"

"बेस."

"नातवासाठी का?"

मी हसले. फार दिवसांनी हसले. कलम चौथ्यातले युकुलेले तिच्याकडूनच घेतले. मग विचारले, इथे दोरीचा चष्मेवाला असायचा, तो कुठे गेला? तिने आवाज खाली आणला. "त्यांना काढलं, आजी. गिऱ्हाइकं दुसरीकडे पाठवायचे. मालकांना कोणीतरी सांगितलं. काढताना मालकांनी विचारलं म्हणे, असं का करायचास? तर म्हणाले, त्यांना बेस हवा होता म्हणून."

आता तो एका फर्निचरच्या दुकानात सोफे विकतो. नोकरी गेली तरी माझ्याकडे आला नाही, एका शब्दानेही कोणाकरवी कळवले नाही. ताठा आमच्या घराण्यातच आहे आणि त्याच्याकडे तो माझ्याच बाजूने गेला आहे. मीही त्याच्याकडे गेले नाही. सोफ्याच्या दुकानासमोरून दोनदा गेले, तेवढेच. तो एका जोडप्याला सांगत होता, "घाई करू नका, आधी बसून बघा."

कलम नववे. सबब, मी माझे दुकान, आतील सर्व बेस, स्पीकर, स्टूल, भिंतींवरची ब्लँकेटे, दुरुस्तीची सर्व हत्यारे, खुर्ची, बाक आणि दारावरची पाटी यांसह, माझ्या वर उल्लेखिलेल्या भाच्याला देत आहे. मुलगा किंवा मुलगी यांनी हरकत घेऊ नये. घेतलीच, तर फ्लॅटमधला आपला वाटा सोडून मग घ्यावी. तशी तरतूद वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर पक्की केली आहे आणि त्या कागदाखाली मी आनंदाने सही केली आहे.

दुकान चालवण्याच्या अटी तीनच. एका वेळी एकच गिऱ्हाईक, दार लावून. पहिल्या भेटीत विक्री नाही. आणि बेस कोणासाठी हवा, हे कोणालाही, कधीही विचारायचे नाही.

वकीलबाईंनी हे कलम त्याला फोनवर सांगू नये. सोफ्याच्या दुकानात जावे, त्याला त्याच्याच एखाद्या सोफ्यावर बसवावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. तो नको म्हणेल. त्याला म्हणावे, हे मृत्युपत्र आहे, आत्या आता ऐकायला नाही, वाद घालून उपयोग नाही.

कलम दहावे. हे माफीबद्दल आहे. दुकान दिले म्हणजे मी त्याला माफ केले, असा अर्थ माझ्या भावाने, शिंप्याने किंवा कोणीही काढू नये. त्याने माझी गिऱ्हाइके वाढवली, त्यासाठी नोकरी घालवली, हे मी मानते. म्हणून दुकान. काकांच्या तारा त्याने घालवल्या, हेही मी विसरलेले नाही. राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे आणि तिची वाटणी मी केलेली नाही.

तपकिरी बेस त्यालाच द्यावा. खोळीतून काढल्यावर त्याला दिसेल की त्यावर त्याच नव्या तारा आहेत, चौकातल्या दुकानाने चढवलेल्या. मी त्या उतरवल्या नाहीत. त्यानेही उतरवू नयेत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी, पाटी लावून, दार बंद करून त्याने त्या वाजवाव्यात. घाम येऊ द्यावा, पुसू नये. चमच्या-पातेल्यासारखा आवाज येईल, तो ऐकून घ्यावा. वर्षे लागतील. त्याचे केस पिकतील, तोवर वाजवावे. आणि मग एखाद्या दिवशी तो जाड तार छेडेल, ती आपणहून थांबेल, आणि शेजारी शिंप्याचे किंवा शिंप्यानंतर जो कोणी असेल त्याचे मशीन थांबेल. त्या दिवशी माझे त्याच्याशी मिटले असे समजावे. त्याआधी नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही. खालील दोघांसमक्ष, त्यांच्या डोळ्यांदेखत, मी सही करत आहे आणि माझ्यासमोर ते करत आहेत.

स्थळ: दुकान, दार लावून.
दिनांक: बारा ऑगस्ट, चौकातल्या दुकानाचा वार्षिक सेल सुरू झाला तो दिवस.

लिहून ठेवणार: (सही) खर्जवाली

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर आहेत. मला बाहेर बाकावर थांबायला लावले.
२. (सही) शेजारचा शिंपी. सही केली. मशीन चालू आहे, कान उघडे ठेवीन.